कोंडामावशीची नऊ पोती

"आजपासून शेंगदाणा दोन जातींचा झाला गं, द्वारका!" झुंबरशेठ शेडच्या दारातूनच ओरडले. हातात चुरगळलेला पेपर, टोपी मागं सरकलेली, कपाळावर घाम. आमच्या चाळीस बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

"दाण्याला कसली आलीय जात, शेठ?" सुगंधा म्हणाली. ही सुगंधा म्हणजे आमच्या शेडची जीभ. तिला दोन मिनिटं गप्प बसवायचं तर तोंडात दाणे कोंबावे लागले असते, आणि दाणे खायला शेडमध्ये बंदी.

"सरकारनं लावलीय. खायचा दाणा वेगळा आणि तेलाचा दाणा वेगळा." शेठ पोत्यावर टेकले. "देशात तेल महागलंय ना? मग तेलाचा दाणा बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या निर्यातीवर जबर कर बसवलाय. आपण पाठवतो तो निवडक, अख्खा, सालीसकट दाणा. त्याच्यावर कर नावालाच आहे. पण त्यात फुटका, डाळी झालेला, साल उडालेला दाणा ठरलेल्यापेक्षा जास्त सापडला, की अख्खा माल तेलाचा म्हणून धरणार."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय! हॉलंडच्या पार्टीशी भाव आधीच ठरलाय. हा लॉट तेलाच्या दाण्यात गेला तर वरचा कर माझ्या बोडक्यावर. मग मी दाण्याचा धंदा करत नाही, बाई. शेडला कुलूप घालीन आणि कापसाच्या गाठी भरीन. गाठींना निवडणाऱ्या बायका लागत नाहीत."

हे बोलताना शेठचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला ते खरं वाटलं. आरडाओरडा करणारा माणूस कुलूप घालत नाही.

ही शेड होती तापीकाठी, चोपड्याच्या अलीकडं. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची, आणि शेडची मुकादमीण. बायकांना माल वाटायचा, काम बघायचं, भरलेलं पोतं शिवून थप्पीला लावायचं, हे माझं काम. नवरा होता, पण तो तापीतल्या वाळूच्या ट्रकवर. पंधरा दिवसांतून एकदा दिसायचा. घर माझ्या जिवावर चालायचं आणि मला त्याचा तोरा पण होता, खोटं कशाला बोलू?

दाणा निवडणं हे बघणाऱ्याला पोरखेळ वाटतं. समोर ढीग, मांडीशी सूप, चांगला दाणा इकडं, खराब तिकडं. पण त्यात खोच आहे. सुकलेल्या शेंगदाण्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. सकाळच्या गारव्यात ती दाण्याला धरून राहते, ऊन चढलं की ठिसूळ होते आणि नुसत्या बोटांनी निघून येते. म्हणून आमच्याकडं पहाटे सहाला काम सुरू, अकराला बंद. दुपारी फक्त शिवणं, मोजणं, झाडलोट. आणि एकदा पोत्यात गेलेला दाणा परत ओतायचा नाही. हा नियम नव्या बायकांकडून मीच घोकून घ्यायचे.

मला तो शिकवला होता कोंडामावशीनं. मी सोळा वर्षांची, लग्न होऊन आलेली, हात नुसते धसमुसळे. तिनं मला शेजारी बसवलं. चुकले की मनगटावर चापटी मारायची. बरोबर झालं की काही बोलायची नाही, पण दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर आपल्या घरचा ठेचा माझ्यापुढं सरकवायची. मी मुकादमीण झाले तेव्हा तिनं सगळ्यांसमोर मला "मुकादमीणबाई" म्हणून हाक मारली आणि मी लाजेनं लाल झाले होते.

मावशी आता सत्तरीला आलेली. आणि तिचे डोळे गेले होते.

ती कबूल करायची नाही. पण तांब्यात पाणी ओतताना धार बाहेर जायची. दाभणात सुतळी ओवायला शेजारणीकडं द्यायची. एकदा शेठना "काय गं सुगंधा" म्हणाली. सगळ्या हसल्या, शेठ पण हसले, मावशी सगळ्यांहून जास्त हसली. मला काही हसू आलं नाही.

आमच्याकडं प्रत्येक बाईच्या पोत्यावर गेरूनं तिची खूण असायची, म्हणजे कुणाचा माल ते कळावं. सुगंधाची बांगडी, माझी तीन रेघा, मावशीची दोन ठिपके. भरलेल्या पोत्यातून एक ओंजळ काढून बघायचं हे मुकादमिणीचं काम. मी सगळ्यांच्या पोत्यात हात घालायचे, मावशीच्या पोत्यात नाही. जिनं मला दाणा ओळखायला शिकवलं, तिचा माल तपासायचा? मला ते कसंतरीच व्हायचं. तिचं पोतं आलं की मी डोळे झाकून शिवून टाकायचे. बाकीच्या बायकांनाही ते योग्यच वाटायचं.

म्हणून त्या दिवशी शेठ गेल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो दोन ठिपक्यांचा. अडीचशे पोत्यांच्या लॉटमध्ये मावशीची नऊ होती. आंधळ्या हातांनी निवडलेली नऊ.

तपासणीचे साहेब मुंबईहून दोन दिवसांनी येणार होते. अडीचशेतली कुठलीही पाच पोती उघडणार. त्यातली दोन खराब निघाली की लॉट गेला.

मी अकराला काम थांबवलं आणि मावशीजवळ जाऊन बसले.

"मावशी, दोन दिवस घरी राहा तू. साहेब येणार आहेत, गर्दी नको."

"अगं, मी काय साहेबाच्या मांडीवर बसणारे का?" ती म्हणाली. "येऊ दे की मला. साहेब कसा दिसतो ते बघीन तरी."

"शेठनीच सांगितलंय." मी थाप मारली.

"शेठनी?" तिनं तोंड माझ्याकडं केलं, पण नजर माझ्या कानाच्या बाजूनं पलीकडं गेली. "बरं. शेठ म्हणाले असतील तर राहते. माझी पण कंबर धरलीच होती."

भिंतीला हात लावत ती गेली. ती कोपऱ्यावर वळली तशी मी शेडचं दार ओढून घेतलं.

"बायांनो, ऐका. मावशीची नऊ पोती उपसून काढा. ओतायची, निवडायची आणि परत भरायची. आज आणि उद्या."

"आत्ता? या उन्हात?" सुगंधानं विचारलं. फाल्गुन संपत आला होता. वरचे पत्रे तापून कडकड वाजत होते.

"सकाळी नवा माल निवडायचाय. दुसरी वेळच नाही."

"तूच म्हणतेस ना, एकदा भरलेला दाणा..."

"मी काय म्हणते ते मला माहीत आहे. शेडला कुलूप लागलं तर तुझा नवरा तुला बसून खायला घालणार आहे का?"

तिनं दाभण उचललं. तिचा नवरा काय करायचा ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. माझ्या तोंडून गेलं ते जायला नको होतं, पण गेलं.

पहिलं पोतं उसवलं. ताडपत्रीवर दाण्याचा ढीग पसरला. सुगंधा वाकली, चार ठिकाणी हात घातला.

"द्वारके, हे साफ दिसतंय गं."

"वरचं साफ असेल. खाली बघ."

"खालचंच बघतेय."

"दिसतं तसं!" मी खेकसले. "पाणी लोट्याच्या बाहेर ओतते ती, आणि दाणा साफ निवडते? बसा खाली. हात चालवा."

बायका बसल्या. पोटाची भीती मोठी असते. चाळीसजणी नऊ पोत्यांवर तुटून पडल्या. दिसेल तो डाग, दिसेल ती सुरकुती वेचू लागल्या. खराब फारसं निघत नव्हतं, म्हणून त्या अजूनच चाचपत होत्या. काहीतरी निघायलाच हवं असं सगळ्यांना वाटत होतं, मला तर फारच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नऊ पोती परत शिवून झाली. मागची थप्पी पत्र्यापर्यंत भरलेली, म्हणून ही नऊ पुढं, दाराशी लावली. मी घरी जाऊन निवांत झोपले, हे पण सांगून टाकते.

साहेब सकाळी दहाला आले. फणसळकर नाव. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, चहा पण घेतला नाही. थप्पीकडं पाहिलं, वर पाहिलं, आणि हाताशी होती ती पोती दाखवली. "हे, हे, आणि हे. ते एक कडेचं. आणि वरनं एक काढा."

पाचातली तीन दोन ठिपक्यांची होती. दाराशी तीच तर लावली होती मी.

साहेबांनी ताटात दाणे घेतले. तराजू मांडला. एक एक दाणा बोटानं बाजूला सारत बसले. शेठ जानव्यासारखं उपरणं गळ्यात ओढत उभे. शेडमध्ये फक्त पत्रे वाजत होते.

पहिली दोन पोती उत्तम निघाली. तिसऱ्याला साहेब थांबले. चौथ्याला चष्मा काढून पुसला. पाचवं झाल्यावर त्यांनी ताट शेठपुढं धरलं.

"दाणा जातिवंत आहे. किडका नाही, बुरशी नाही. पण साल उडालीय. निम्म्या दाण्यांच्या डाळी झाल्यात. ही तीनही पोती तेलाच्या दाण्यात जातात."

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. मी ताटात बघितलं. पांढरे, उघडे पडलेले दाणे. आणि मला तेव्हाच कळलं. मावशीनं निवडलेला दाणा असा नव्हता. असा तो आम्ही केला होता, भर दुपारी, चाळीसजणींनी मिळून. मुकादमीण म्हणवणाऱ्या मला सोळा वर्षांच्या पोरीलाही कळणारी गोष्ट कळली नव्हती.

"ही खूण एकाच बाईची दिसते," साहेब म्हणाले.

"हो साहेब. कोंडाबाईची," शेठ घाईनं म्हणाले. "म्हातारी आहे. डोळ्यांनी अधू."

"असं असेल तर मार्ग आहे. एका कामगाराचा दोष असला तर त्या खुणेची सगळी पोती बाजूला काढायची. बाकीच्यातली पाच मी नव्यानं उघडीन. ती चांगली निघाली तर लॉट पास." मग ते माझ्याकडं वळले. "पण बाई, मला एक सांगा. साल अशी एका हाताळणीत उडत नाही. हा माल परत ओतलाय का शेडमध्ये? तसं असेल तर कुठला माल ओतला आणि कुठला नाही, हे मला कसं कळणार? मग मला अख्खा लॉट तेलाचाच धरावा लागेल. विचार करून सांगा. तुम्ही मुकादम."

मी शेठकडं पाहिलं. शेठना यातलं काही माहीत नव्हतं. ते हात जोडून उभे होते, साहेबांकडं नाही, माझ्याकडं. मागं चाळीस बायका. कुणाच्या पदराशी पोर, कुणाचा नवरा दारूत, कुणाला नवराच नाही. सुगंधा माझ्याकडं टक लावून बघत होती.

"ओतला नाही, साहेब," मी म्हणाले. "म्हातारीचा हात थरथरतो. तीच चोळून चोळून बघते दाणा. तिचाच दोष."

साहेबांनी लिहून घेतलं. नऊ पोती बाहेर काढली. नवी पाच उघडली, पाचही चांगली निघाली. लॉट पास झाला. शेठनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला हळूच म्हणाले, "कोंडाबाईला सांग आता, घरी आराम कर म्हणावं. तिला मी काही बोलणार नाही. पण शेडमध्ये नको."

पेढा हातात घेऊन सुगंधा माझ्याजवळ आली.

"तू जे बोललीस साहेबाला..."

"गप्प बस."

"मी गप्पच आहे, बाई. आम्ही सगळ्याच गप्प आहोत." तिनं पेढा खाल्ला नाही, पदरात बांधला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत मी मावशीकडं गेले. ठरवून गेले होते की तिच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं सांगायचं. मारलं तर मार खायचा.

ती ओट्यावर बसली होती. शेजारपाजाऱ्यांनी तिला आधीच सांगितलेलं. मुलगा सुरतेला, घरात दुसरं माणूस नाही. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली,

"ये. माझ्या पायी लॉट जाणार होता म्हणे?"

"मावशी..."

"थांब. आधी माझं ऐक." ती आत गेली आणि सूप घेऊन आली. सुपात दोन-तीन ओंजळी दाणे होते, बरे-वाईट मिसळलेले. "दिसत नाही मला, द्वारके. दोन वर्षं झाली. तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मला वाटलंच. मी आपली बोटांनी निवडते. फुटक्याची कड टोचते, सुरकुतीचा खरखरतो, कोवळा दबतो. माझी खात्री होती की बोटं चुकत नाहीत. आता साहेब म्हणतो चुकली. साहेबाला माझ्याशी काय वैर? पण मला कळायला हवं ना. तू बघ. खरं खरं सांग."

ती निवडू लागली. मी समोर बसले. तोंड आभाळाकडं, डोळे उघडे आणि रिकामे, आणि बोटं सुपात. दाणा उचलायची नाही, चोळायची नाही. नुसता बोटाच्या पेरावरून गडगडवायची, आणि तो आपोआप इकडं किंवा तिकडं जायचा. इतक्या हळुवार हातानं काम करणारी बाई मी त्या आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. पंधरा वर्षं मी तिच्यासोबत बसले आणि दोन वर्षं तिच्या पोत्यात एकदाही हात घातला नाही.

दोन ढीग झाले. मी चांगल्याचा ढीग बोटांनी पसरला, नीट बघितला. मग खराब ढीग बघितला. मग परत पहिला. एकही चुकलेला नव्हता. एकही नाही.

"किती चुकले?" तिनं विचारलं.

लॉट अजून शेडमध्येच होता. ट्रक परवा भरायचे होते. "एकही नाही" म्हटलं असतं तर ती सकाळी भिंत धरत शेडवर आली असती, शेठसमोर सूप मांडून बसली असती. आणि शेठनी मला विचारलं असतं, मग त्या पोत्यांत झालं काय.

"सहा, मावशी," मी म्हणाले.

"सहा?"

"सहा."

तिची बोटं सुपाच्या काठावर थांबली. मग तिनं दोन्ही ढीग हातानं एकत्र केले, चाचपडत माझं मनगट शोधलं आणि त्यावर थोपटलं.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "दुसरी कुणी असती तर माझं मन राखायला खोटं बोलली असती."